घोटभर
लेकीकडे ॲरिझोनात आल्यापासून शिवरामअण्णा रोज अंघोळ उरकली, की अंगणातल्या सग्वारो निवडुंगाला बादलीभर पाणी घालत. घराहून उंच, हात वर करून उभा असलेला तो निवडुंग त्यांना तहानेनं व्याकूळ झालेल्या माणसासारखा वाटे.

बायकोची किडनी निकामी झाली, तेव्हा डॉक्टरांनी पाणी बंद केलं होतं. शेवटच्या दिवशी तिनं घोटभर मागितलं आणि अण्णांनी पेला मागे सारला.

आज सकाळी निवडुंग आडवा पडला होता. बुंध्यातून काळं, घाण पाणी वाहत होतं.

“मुळं कुजली, अण्णा,” लेक हळूच म्हणाली. “या वाळवंटात तो एका पावसावर वर्ष काढतो.”

भरलेली बादली अण्णांच्या हातात तशीच राहिली.

“यानं कुठं मागितलं होतं गं?” ते म्हणाले. “मागत होती, तिला दिलं नाही मी.”