खरा इंडियन

रूफस चेरोकी या मूळ अमेरिकी जमातीचा होता. अमेरिकेतल्या आपल्या गावी तो पिसांचा टोप घालून पर्यटकांबरोबर फोटो काढायचा, त्यावरच त्याचं पोट चालायचं. असला टोप पूर्वी चेरोकी घालतच नसत. ते फेटा बांधत. त्या सकाळी वैतागून त्यानंही पणजोबांसारखा फेटा बांधला.

“तू तर भारतातला!” एक गोरी बाई चिडली. “आम्हाला खरा रेड इंडियन हवाय.”

“मी इथलाच, बाई. तुमच्याही आधीपासूनचा.”

तेवढ्यात अकोल्याहून आलेल्या गोऱ्ह्यांनी बाजूला ठेवलेला टोप गंमत म्हणून डोक्यावर चढवला. “हा बघा खरा!” म्हणत बाईनं त्यांना मिठी मारली आणि कॅमेरा रूफसच्या हाती दिला.

“अगं, हिला सांग, मी अकोल्याचा!” गोऱ्हे बायकोवर ओरडले.

“किती प्राचीन भाषा!” बाईचे डोळे भरून आले.

रूफसनं फोटो काढला. गोऱ्हे टोप परत द्यायला आले, तेव्हा तो म्हणाला, “राहू द्या. तुम्हालाच शोभतो.”