राजीनाम्याची जागा

माजी पंतप्रधानांचं संग्रहालय उद्या उघडणार होतं आणि म्हातारा सुतार मधल्या काचेच्या कपाटात त्यांची पदकं लावत होता. तेवढ्यात साहेब स्वतःच काठी टेकत आले आणि त्यांनी खिशातून पिवळं पडलेलं पत्र काढलं. साहेबांनी साथीतले मृत्यू लपवले म्हणून आरोग्यमंत्री असलेल्या जिवलग मित्राने दिलेला तो राजीनामा होता. “पदकं काढा, इथे हे लावा.” व्यवस्थापकाच्या तोंडचं पाणी पळालं. “साहेब, लोक नावं ठेवतील!” “तो खरं बोलला आणि मी त्याला वेड्यात काढलं. तो डाग घेऊनच बिचारा गेला. आता तरी लोकांना कळू दे.” सुताराने त्यांना जन्मात कधी मत दिलं नव्हतं. त्याने पदकं उतरवून पत्र लावलं. “थोडं खाली घ्या, शाळेतल्या मुलांनाही वाचता यावं.” “घेतो, साहेब,” म्हणत सुतार दुखरे गुडघे टेकून बसला.