दंड

मोबाईल पुन्हा वाजला आणि विनिताने तो उचलून पाहिला. साखर तीनशे वीस! पेडण्याला असलेल्या बाबांच्या दंडावरचा सेन्सर सकाळपासून तिला इथे डिचोलीत हेच दाखवत होता. याच साखरेपायी गेल्या वर्षी त्यांच्या पायाचं बोट कापावं लागलं होतं. तिने फोन लावला.

"बाबा, खरं सांगा, उद्याच्या चवथीसाठी केलेल्या गोड नेवऱ्या किती खाल्ल्यात?"

"चारच गो." मग त्यांनी कबूल केलं, "बाय, तू ओरडशील म्हणून कालचा नवा सेन्सर मी तुझ्या आईच्या दंडाला लावला."

"आईच्या?"

त्यांनी आवाज खाली आणला. "आणि तिचा तर आज हरतालिकेचा उपास. माझ्या आयुष्यासाठी सकाळपासून पाणीसुद्धा प्यालेली नाही ती."