शत्रूचा चेंडू

"अरे हॅनिगन, एक तरी चेंडू सरळ टाक रे," बाबा गॅलरीतून ओरडत होते. आज हा बेसबॉलचा सामना हरलो की हंगाम संपला, आणि आमचा हा पिचर वाकडेतिकडे चेंडू फेकून समोरच्यांना फुकटात पहिल्या बेसवर पाठवत होता. बाबांचा घसा पार बसला.

तेवढ्यात समोरच्यांनी होमरन ठोकला आणि चेंडू थेट बाबांच्या मांडीत पडला. आमच्या शिकागोच्या गॅलरीत शत्रूचा चेंडू कुणी घरी नेत नाही. "परत फेका काका, परत फेका," सगळ्यांनी धोशा लावला. बाबांनी दिवसभराचा राग एकवटून चेंडू मैदानात भिरकावला.



तो मैदानात उभ्या असलेल्या आमच्याच संघातल्या सालदिवारच्या कानशिलात बसला, आणि संघातल्या त्या एकमेव धडाच्या फलंदाजाला स्ट्रेचरवर घालून नेईपर्यंत हॅनिगन नुसता मान वर करून बाबांकडे बघत राहिला.