चौतीस वर्षं

गडचिरोलीत म्युच्युअल फंडाचं काम करणारे वहाबभाऊ अश्विनला जीव तोडून समजावत होते. चोवीस वर्षांचा हा पोलीस शिपाई, ड्यूटी एटापल्लीच्या जंगलात. "तू जवान हायेस बापू. रिटायर व्हायले चौतीस वर्षं हायेत. म्हातारपणासाठी शेअरचेच फंड घे. बाजार पडला तरी वर यायले टाइम हाय."

"माह्याजवळ कुठी हाय टाइम, भाऊ? मागच्या महिन्यात सोबतचे तिघं गेले," म्हणत अश्विन हसत उठून गेला.

दोनच महिन्यांनी भामरागडच्या रस्त्यावर भूसुरुंग फुटला. जीप झाडाएवढी उंच उडाली, चौघांच्या चिंधड्या झाल्या. अश्विनचा डावा पाय गुडघ्यापासून तुटला. वरून गोळ्या सुटत होत्या आणि तो मेलेल्या ड्रायव्हरखाली दोन तास श्वास रोखून पडून होता.

वहाबभाऊ दवाखान्यात गेले. उशाशी बसले.

अश्विननंच त्यांचा हात धरला.



"सगळे पैसे शेअरच्या फंडात टाका, भाऊ. मले हापिसात टेबलावर बसवून राह्यले. आता म्हातारं व्हावंच लागन."