किटलीचा मान

चाकणची शिफ्ट संपवून तेजल देहूरोडच्या बँडखोलीत आली आणि वारलेल्या वडिलांच्या खुर्चीवर त्यांचाच फ्रेंच हॉर्न घेऊन बसली. निवृत्त फौजींच्या त्या बँडचा रिवाज होता: ज्याचा सूर फुटेल, त्यानं किटली घेऊन चहा आणायचा. हॉर्नचे वरचे सूर इतके खेटून असतात की ओठ जरा थकले तरी भलताच लागतो. म्हणून किटली बहुतेकदा तिच्या आप्पांच्याच हाती असायची. आज तिचाही सूर फुटला. कुणी हसलं नाही. "राहू दे पोरी," ड्रमवाले अर्जुनकाका हळूच म्हणाले, "दमली असशील." महिनाभर सगळे असंच हळू बोलत होते, तिला त्याचाच शीण आला होता. तिनं खिळ्यावरची किटली काढली. "आणते." मग काका आप्पांना चिडवायचे त्याच आवाजात म्हणाले, "आलं जास्त टाकायला सांग. तुझा बाप कायम विसरायचा."