गावात कुणी करत नाही तो धंदा

मार्च २००२. सकाळी सहाच्या एसटीसाठी हनुमंत रिकामं डालगं घेऊन केंदूरच्या स्टँडवर आला. "गावात कुणी करत नाही तोच धंदा करा, उदाहरणार्थ ससेपालन," असं पुण्याचे साहेब गेल्या सोमवारी देवळातल्या व्याख्यानात सांगून गेले होते. हनुमंतानं गुपचूप आपली सगळी मेंढरं गावातल्या म्हाताऱ्या आबांना विकली होती आणि आता तो डालग्यातून ससे आणायला पुण्याला निघाला होता.

"कुठं रं?" आधीच स्टँडवर उभ्या असलेल्या शेजारच्या सुरजनं विचारलं.

"दात काढायला."

"डालगं घिऊन?"

हनुमंतानं डालगं मागं सरकवलं. तेवढ्यात त्याला सुरजच्या पाठीमागं लपवलेलं डालगं दिसलं. एसटीच्या टपावर अशी चौदा डालगी चढली.

वेशीजवळ गाडी थांबली. रस्ताभर मेंढरंच मेंढरं, आणि आबांच्या मागं न्हावऱ्याचे बागायतदार बापूसाहेब. "आबा, खतासाठी मेंढरं आधी माझ्याच रानात बसवा."

"नंबर लावा, बापूसाहेब. गावात मेंढरं आता माझ्याकडंच हायती."

हनुमंतानं खिडकीतून डोकं काढलं. "आबा, व्याख्यानात तुम्ही तर घोरत होता!"

"व्हय. पर तुम्ही समदी जागी होता नव्हं?"

कंडक्टरनं दोनदा घंटी वाजवली. सात वाजले तरी मेंढरं रस्ता ओलांडतच होती.